लिव्हरवरचा हात

१

फिटरच्या घरात दोन माणसं आणि एक मोटरसायकल राहत असे, आणि तिघांत मान कोणाला जास्त यावर कधी वाद झाला नव्हता. मोटरसायकल बायकोच्या वडिलांची, चाळीस वर्षांची. लग्नात ती बायकोबरोबर आली असं फिटर सांगायचा. बायको म्हणायची, मी गाडीबरोबर आले. चालवायची तीच. पाणीखात्यात मीटर वाचायची तिची नोकरी, दिवसाला ऐंशी-नव्वद घरं, तेव्हा गाडीवर मांड ठोकून ती निघाली की रस्ता तिच्या बापाचाच वाटायचा. फिटर तिला कप्तान म्हणायचा, आणि हळूहळू सगळी गल्ली म्हणायला लागली.

सात महिन्यांपूर्वी मीटरच्या खड्ड्यावरचं लोखंडी झाकण कप्तानच्या पायाखाली फिरलं. डावा घोटा चुरला. डॉक्टरांनी हाडं जुळवली, पण घोटा ताठच राहिला. चालता येत होतं, पायाने काही दाबता येत नव्हतं. आणि या जुन्या गाडीची रीत उलटी. गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक नेमका डाव्या. राहिला हातातला पुढचा ब्रेक. तो जुना ड्रमचा. तो दाबला की गाडी थांबायची नाही, थांबण्याचा विचार करायची.

खात्याने तिला टेबलाचं काम देऊ केलं होतं. येत्या सोमवारी साहेबांसमोर गाडी चालवून आणि थांबवून दाखवली तर जुनी फेरी परत मिळणार होती, नाहीतर खुर्ची.

"त्यांनी मला खुर्चीत बसवलं ना," कप्तान म्हणाली, "तर मी घरी येऊन तुझ्या डोक्यावर बसेन."

"सध्या कुठे बसतेस?" फिटर म्हणाला. पण रात्रभर त्याला झोप लागली नाही, आणि सकाळी उठून तो भंगारवाल्याकडे गेला.

२

त्याला हवे होते दुसऱ्या गाडीचे फोर्क. पुढच्या चाकाला धरणारे ते दोन पाय, त्यांच्याबरोबर चाक, डिस्क ब्रेक, हॅंडलवरची लिव्हर, सगळं एकसंध. कंपनी कोणतीही असो. एका कंपनीच्या धडाला दुसरीचे हातपाय लावायचे म्हणजे जावयाला घरजावई करण्यासारखं, बसेपर्यंत दोन्हीकडून कुरकुर. पण फिटरने कारखान्यात याहून अवघड सोयरिकी जमवल्या होत्या.

भंगारवाल्याने ताडपत्रीखालून एक जोडी काढली. फिटरने नळ्या काचेवर लोळवून पाहिल्या. सरळ. डिस्क कोरी. कुठे ओरखडा म्हणून नव्हता.

"पडलेल्या गाडीची नाही वाटतं ही?"

"पुढून काहीच झालेलं नाही," भंगारवाला म्हणाला.

"मग भंगारात कशी आली? कोणाची होती?"

"मिस्त्री, नदीचं मूळ, ऋषीचं कूळ आणि भंगाराची गाडी, विचारू नये." आणि जोडी रिक्षात चढवताना तो उगाचच म्हणाला, "एअर मात्र छान निघते हिची."

फिटरला ते वाक्य जरा चमत्कारिक वाटलं. पण मनासारखा माल हाताशी आल्यावर कोण कशाला शब्द मोजत बसतो?

तीन दिवस काम चाललं. जुन्या फोर्कचा मधला दांडा लेथवाल्याकडून काढून नव्या फोर्कच्या पट्टीत दाबून बसवला, बेअरिंग जमवली. हॅंडल वळलं की टाकीवर आपटू नये म्हणून अटकाव वेल्डिंग करून घेतले. गुरुवारी दुपारी गाडी घरामागच्या शेडमध्ये स्वतःच्या पायांवर उभी राहिली. पुढून परकी दिसत होती, कानामागून आली आणि तिखट झाली अशी. कप्तानने दिव्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बाबा ओळखणार नाहीत."

३

शेवटी एअर काढायची राहिली. ब्रेकच्या नळीत हवेचा एक बुडबुडा जरी उरला तरी लिव्हर स्पंजासारखी दबते आणि चाक आपलं फिरतच राहतं. हे काम दोघांचं. एकाने वर बसून लिव्हर दाबून धरायची. दुसऱ्याने चाकाच्या डाव्या अंगाला एका गुडघ्यावर बसून डिस्क आवळणाऱ्या कॅलिपरचा निपल, म्हणजे हवा सोडायचा बारीक स्क्रू, पाव फेरा उघडायचा, तेल आणि हवा नळीतून बाटलीत जाऊ द्यायची, निपल बंद करायचा. मग वरच्याने सोडायचं. त्याआधी हात सुटला तर बाहेरची हवा आत, आणि केलेलं सगळं मुसळ केरात.

फिटर आणि कप्तान यांनी एकोणीस वर्षांत अर्ध्या गल्लीच्या गाड्यांची एअर काढली होती, आणि त्यांचा एक नियम होता. "दाब" म्हटलं की "दाबलं" असं उत्तर यायला हवं. "सोड" म्हटलं की "सोडलं". उत्तराशिवाय पाना हलवायचा नाही, आणि हुकुमाशिवाय हात सोडायचा नाही. खाली बसलेल्याला टाकी आणि दिव्याच्या आड लिव्हर दिसत नाही, म्हणून हे आवाजावर चालायचं. कप्तानच्या हाताला त्याची इतकी सवय झाली होती की फिटर चिडवायचा, "झोपेत सोड म्हटलं तर पांघरूणही सोडशील."

"दाब."

"दाबलं."

"सोड."

"सोडलं."

असं दहा-बारा वेळा झालं. शेजारी कोणीतरी ग्राइंडर सुरू केला, भिंतीपलीकडे नुसती किंकाळी. फिटरचं लक्ष बाटलीतल्या बुडबुड्यांवर.

"दाब," तो म्हणाला.

उत्तर ऐकू आलं नाही. पण कॅलिपरने डिस्क आवळली, म्हणजे लिव्हर दाबली गेली होती. ग्राइंडरने उत्तर गिळलं असेल असं समजून त्याने निपल उघडला. तेल संथ, स्वच्छ आलं, एकही बुडबुडा नाही. निपल बंद करून तो "सोड" म्हणणार, एवढ्यात ग्राइंडर थांबला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून कप्तानचा आवाज आला:

"अरे, दूध उतू गेलं सगळं! मी सांगून आले होते ना तुला, थांब म्हणून!"

फिटर उठून उभा राहिला. सीट रिकामी होती. लिव्हर मुठीला चिकटलेली होती, पूर्ण दाबलेली.

४

यंत्रावर जन्म घालवलेल्या माणसाचं एक बरं असतं. घाबरण्याआधी तो कारण शोधतो. लिव्हरमागच्या, तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचं रबर फुगलं असेल, पिस्टन अडकला असेल. फिटरने लिव्हरमागे बोटं घालून ती बाहेर ओढली. ती बोटभर आली. मग परत गेली. स्प्रिंग खेचते तशी नाही. आपण एखाद्याचा हात धरून ओढावा आणि त्याने तो शांतपणे परत नेऊन ठेवावा, तशी गेली.

त्याने बोटं काढून घेतली आणि ती पुसली. बोटांना काही लागलेलं नव्हतं.

"झालं का?" कप्तानने विचारलं.

"उद्या," तो म्हणाला. "अडकलंय काहीतरी."

रात्रभर लिव्हर तशीच. शुक्रवारी सकाळी चहाही न घेता तो शेडमध्ये आला, तरी तशीच. त्याने पकड आणली, पुन्हा खेचून पाहिलं. शेवटी वैतागून, आपल्याला कोणी ऐकतंय असं मनातही नसताना, तो म्हणाला, "सोड ना बाबा आता. सोड!"

लिव्हर टक् करून जागेवर आली.

फिटरने पकड खाली ठेवली. मग त्याच्या लक्षात आलं की काल दुपारी आपण "दाब" म्हटलं होतं आणि "सोड" म्हणायचं राहिलं होतं. नियम आपणच मोडला होता. ज्याने कोणी लिव्हर धरली होती, त्याने मात्र हुकुमाशिवाय हात काढला नव्हता.

बाहेर कोणाची तरी सायकलची घंटा वाजली, आणि त्या साध्या आवाजाचा त्याला केवढा आधार वाटला.

५

त्याने मास्टर सिलिंडर खोलला. रबर शाबूत, पिस्टन लोण्यासारखा सरकणारा, स्प्रिंगला दोष नाही. तरीही सगळी रबरं बदलली. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, असा त्याचा यंत्राशी जन्माचा व्यवहार. आणि इथे बाप सापडत नव्हता.

खोललं म्हणजे पुन्हा एअर काढणं आलं. कप्तान पायाच्या व्यायामाला दवाखान्यात गेली होती. सोमवार तोंडावर. फिटर चाकाच्या डाव्या अंगाला गुडघा टेकून बसला, नळी बाटलीत सोडली, आणि आपलंच आपल्याला हसू येत असताना अगदी हळू, ओठांतल्या ओठांत म्हणाला, "दाब."

कॅलिपरने डिस्क आवळली.

या वेळी त्याने मान लांब करून टाकीच्या कडेने पाहिलं. सीटवर कोणी नव्हतं. लिव्हर मुठीकडे दाबलेली होती आणि बारीक थरथरत होती. जोर लावून धरलेला हात थरथरतो ना, तशी.

तेव्हाच गाडी ढकलून अंगणात काढायची, फोर्क उतरवायचे आणि भंगारात नेऊन टाकायचे, हे शहाणपण. फिटरलाही ते सुचलं. पण सोमवार होता, खुर्ची होती, आणि खोटं कशाला बोला, कामही उत्तम होत होतं. असा समजूतदार हात त्याला कधी मिळाला नव्हता. कप्तानसुद्धा मध्येच नाक खाजवायची. हा हात एकसारखा दाब देत होता आणि सांगितल्यावाचून सुटत नव्हता. उत्तर तेवढं येत नव्हतं. त्याने कुजबुजत वीसेक वेळा दाब, सोड केलं, आणि भीती हळूहळू मागे सरून तिच्या जागी कारागिराचं समाधान आलं. याची त्याला नंतर फार लाज वाटली.

निपल घट्ट करून तो सीटवर बसला आणि लिव्हर दाबली. दगडासारखी. पुन्हा दाबली. वा! तिसऱ्यांदा दाबून धरली, आणि त्याच्या बोटांखाली ती सावकाश खाली जायला लागली. मऊ होत होत मुठीला टेकली.

तो उतरून डाव्या बाजूला आला. जमिनीवर तेलाचा ओघळ होता. निपल पाव फेरा उघडा होता आणि पाना त्याच्यावर तसाच लावलेला होता.

मी पाना काढून ठेवला होता, त्याला वाटलं. ठेवला होता ना? मग त्याने स्वतःला समजावलं की घाईत निपल आवळायचाच राहिला. माणूस आहे, चुकतो. पण तो सीटवर असताना खाली, त्याच्या नेहमीच्या जागी, पाना हाताशी घेऊन कोणी बसलं असेल तर काय, हा विचार आला आणि त्याने तो पुरता होऊ दिला नाही. निपल आवळला. त्यावर आणि कॅलिपरवर मिळून पांढऱ्या रंगाची आडवी रेघ मारली, म्हणजे केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसेल.

तेवढ्यात फाटक वाजलं. कप्तान काठी टेकत आत आली, घामाने निथळलेली.

"एवढा कशाला ओरडत होतास?" ती म्हणाली. "पार कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होतं. दाब, सोड, दाब, सोड. आणि मी मूर्ख, रस्त्याने येताना तोंडातल्या तोंडात दाबलं, सोडलं म्हणतेय. लोक बघत होते माझ्याकडे."

फिटर नळी गुंडाळायला लागला. त्याने एकदाही आवाज चढवला नव्हता.

६

शनिवारी त्याने भंगारवाल्याला फोन लावला. घंटी वाजत राहिली. त्याने पुन्हा लावला नाही. उचलला असता तर विचारणार काय होता? तुमच्या मालाबरोबर कोणी आलंय का?

कप्तानला सांगावं असं त्याला शंभरदा वाटलं. पण सांगितलं तर ती हसणार, आणि हसली नाही तर गाडीवर बसणार नाही. मग सोमवारी खुर्ची. सात महिने ती खिडकीत बसून रस्त्याकडे कशी बघत होती ते त्याने पाहिलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून तो गप्प बसला आणि गाडीची परीक्षा घ्यायला लागला. गल्लीत सपाटीवर चाळीस वेळा ब्रेक मारला. चाळीसही वेळा गाडी जागच्या जागी. पांढरी रेघ अखंड. शनिवारी दिवसभर काही झालं नाही, संध्याकाळी नाही, रविवारी सकाळी नाही.

"सपाटीवर कोणताही ब्रेक शहाणाच," कप्तान म्हणाली. "उताराचं काय?"

गल्ली संपते तिथे उतार सुरू होतो, सरळ हमरस्त्यावर उतरणारा, आणि हमरस्त्यावरून खडीचे ट्रक रविवार नाही, सोमवार नाही, अखंड धावतात. फिटर इंजिन बंद करून, नुसत्या हाताच्या ब्रेकवर, तो उतार तीनदा उतरला. तिन्ही वेळा मध्यावर थांबला, पाच मिनिटं धरून राहिला. लिव्हर तसूभर हलली नाही.

"झालं. बघितलंस ना?"

"तू उतरलास दोन धड पायांनी. मला एका पायाने उतरायचंय. साहेब मला सपाटीवर नाही बघणार." तिने काठी भिंतीला लावली. "सरक."

तिच्या चेहऱ्यावर इतकं ऊन होतं की त्याच्या तोंडून नाही निघेना. मग त्याने निदान सगळं नीट ठरवून दिलं. इंजिन बंद. मध्यावर विजेच्या खांबाशी थांबायचं आणि लिव्हर दाबून धरायची. तो खाली उभा राहून ट्रकवर लक्ष ठेवणार, मग दगड घेऊन वर येणार, गळती बघणार, चाकाला दगड लावणार.

"आणि मी सोड म्हटल्याशिवाय सोडायचं नाही."

"आजवर सोडलंय कधी?" कप्तान म्हणाली आणि गाडीवर बसली.

७

दुपारचे चार वाजले असतील. फिटर उताराच्या तळाशी उभा होता. मागून ट्रक जात होते, प्रत्येक ट्रकबरोबर गरम धुळीचा झोत पाठीवर येत होता. वर कप्तानने हात केला. त्याने हात केला.

गाडी सुटली. सात महिन्यांनी ती त्या गाडीवर ताठ बसलेली त्याला दिसली. खांबाच्या अलीकडे तिने लिव्हर दाबली. पुढचे फोर्क नम्रपणे वाकले, उठले, आणि गाडी थांबली. जिथे सांगितलं होतं बरोबर तिथे.

"थांबली रे!" ती ओरडली. हसत होती.

फिटरनेही हसून रस्त्याकडेचा दगड उचलला. चांगला जड, चाकाखाली बसेल असा. दगड निवडायला त्याने पाठ फिरवली ती किती? चार श्वास. तो वळला आणि चढू लागला.

ऊन समोरून डोळ्यांत येत होतं. दहा पावलं गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की कप्तान त्याच्याकडे बघत नाहीये. ती टाकीवरून वाकून, चाकाच्या डाव्या अंगाला खाली बघत होती. आणि बोलत होती. घरातल्या माणसाशी बोलावं तसं, सहज.

"गळतंय का रे?" तिने खाली विचारलं.

फिटर जागीच थांबला. चाकाशी, डाव्या बाजूला, कोणीतरी एका गुडघ्यावर बसलं होतं. डिस्कवर ऊन चमकत होतं, त्यामुळे नीट दिसत नव्हतं. वाकलेली पाठ दिसली. कोपर दिसलं, निपलशी पाना धरताना तो स्वतः काढतो तसं बाहेर काढलेलं. शर्टाचा रंगही दिसला, आणि फिटरने नकळत मान खाली घालून स्वतःचा शर्ट पाहिला.

ओरडायला हवं होतं. पण काय? "दाब" म्हणावं तर दोघांपैकी कोण ऐकणार? आणि तिला हाक मारली तर तिने कोणाकडे बघायचं? दगड छातीशी धरून तो पळत सुटला. चढ होता, आणि त्याच्या आणि चाकाच्या मध्ये अजून वीस पावलं होती.

तेव्हा वरून, चाकाजवळून, त्याचा स्वतःचा आवाज आला. स्पष्ट, शांत, काम मनासारखं झालेल्या माणसाचा.

"सोड."

"सोडलं," कप्तान म्हणाली.